मोकळी सोडलेली ओळ

जे सांगणार आहे ते माझ्या बायकोला माहीत नाही. मुलाला माहीत नाही. ज्या दोन-चार मित्रांबरोबर तीस वर्षं कॉफी प्यालो, त्यांनाही नाही. एका बाईला माहीत असावं – माझ्या दवाखान्यात काम करणाऱ्या सेल्वीला – पण तिनं सहा वर्षांत त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही, आणि मीही तिला विचारलेलं नाही. विचारून काय करणार होतो?

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि देवनागरीत लिहितोय, कारण – हे आधीच सांगून टाकलेलं बरं – माझ्या घरात ही अक्षरं दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात बोलतो मराठीत, भांडतो मराठीत, पण कागद पुढं ओढला की तमिळ, नाहीतर इंग्रजी. मला वडिलांनी कान पिळून ही अक्षरं शिकवली. पोरगा पुढं या अक्षरांच्याच आड लपेल हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

मी डॉक्टर आहे. साधा, खोकला-ताप-मधुमेह बघणारा. पण गेल्या काही वर्षांत पोट तपासण्यात माझं नाव झालंय. पापनाशमच्या पलीकडच्या खेड्यांतूनही लोक बस बदलून येतात. घाई करत नाही म्हणतात, दहा मिनिटं पोटावर हात ठेवून असतो म्हणतात, थोडी शंका आली तरी स्वतः फोन करून मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो म्हणतात. खरं आहे सगळं. आरोग्य केंद्रातल्या नर्सना प्लीहा – पानथरी – कशी चाचपायची ते मी दर दोन महिन्यांनी शिकवतो. त्या मला फार मानतात. त्यांनी मानलं की मला जेवण जात नाही.

शिकवतो काय, ते सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. प्लीहा डाव्या बरगड्यांच्या आत दडलेली असते. निरोगी माणसात ती हाताला लागत नाही. मोठी होऊ लागली की बरगड्यांखालून बाहेर येते आणि तिरकी, उजव्या अंगाला खाली सरकत जाते. म्हणून हात ठेवायचा तो उजव्या जांघेजवळ, अगदी लांब. पेशंटला म्हणायचं, श्वास घ्या. श्वासाबरोबर प्लीहेची कड खाली येते आणि बोटांना टेकते. नाही टेकली तर हात बोटभर वर, डावीकडे. पुन्हा श्वास. असं करत बरगडीपर्यंत जायचं. वेळ लागतो. परवा एक नर्स म्हणाली, "सार, थेट बरगडीखालीच बघितलं तर?" मी तिच्यावर असा खेकसलो की बिचारी रडवेली झाली.

थेट बरगडीखाली बघितलं तर काय होतं? प्लीहा फारच मोठी असेल तर हात तिच्या कडेवर नाही, तिच्या पाठीवरच पडतो. कड राहते खाली, वीतभर लांब. हाताखाली सगळं सारखंच लागतं – आणि तपासणारा म्हणतो, काही नाही, वायू आहे.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत विचारलं होतं, मार्क मिळाले होते. मग तरीही –

थांबा. आधी टीचरबद्दल सांगायला हवं.

अंबुजा टीचर. पापनाशमच्या. आमच्यातल्याच, म्हणजे मराठीच, पण शाळेत त्यांनी मला कधी मराठीत हाक मारली नाही. तीन वर्षं त्यांनी मला गणित शिकवलं. उत्तर बरोबर असून मधली पायरी लिहिली नसेल तर त्या अर्धे मार्क कापत. "पायरी मनात केलीस म्हणून मला कसं कळणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि प्रत्येक गणितानंतर एक ओळ मोकळी सोडायची, हा त्यांचा हुकूम. पानं वाया जातात म्हणून वडील ओरडत, तरी मी सोडायचो. पुढं डॉक्टर झालो, पेशंटच्या कार्डावर नोंदी करू लागलो, तेव्हाही दोन भेटींच्या मध्ये एक ओळ आपोआप सुटायची. अजून सुटते.

पन्नाशीचा झालो तरी त्या समोर आल्या की मी उभा राहायचो. पाचावर धारण बसायची म्हणा ना.

आता आमची रीत सांगतो. माझ्या दवाखान्यात येणाऱ्याला टोकन घ्यावं लागतं. नंबर आला की सेल्वी त्याला पडद्याआड टेबलावर झोपवते, बाई असेल तर पदर-निऱ्या सैल करवते, आणि मग मी जातो. शेतात राबणारी बाई असो की कलेक्टर कचेरीतला साहेब, सगळ्यांना तेच. फक्त आपल्या माणसांना टोकन नाही. आम्ही मराठी घरं मोजकी, लग्नाकार्यात भेटणारी. ती बाजूच्या दारानं आत येतात, माझ्या खुर्चीशेजारी बसतात, घरून आलेली कॉफी पितात, कुणाच्या मुलीचं कुठं ठरलं ते सांगतात, आणि उठता उठता म्हणतात, जरा हे बघतोस का रे. त्यांची कार्डंसुद्धा वेगळ्या खणात असतात. वर्षानुवर्षं मला वाटत आलं की हा त्यांचा मान आहे. तो कसला मान होता? टोकन घेऊन आलेल्या बाईला मी तपासत होतो आणि आपल्या माणसांना कॉफी पाजत होतो.

टीचर पोंगल – म्हणजे संक्रांत – होऊन आठवडा झाला असेल तेव्हा आल्या. बाजूच्या दारानं. बाराची बस पकडायची होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण साडी तशीच कडक, पिनेनं टाचलेली. जरा वाळल्या होत्या.

"काय की रे राघू," त्या म्हणाल्या, "दोन इडली खाल्लं की पुरे म्हणून वाटतंय. हिकडे डावीकडे जड जड. आणि दमायला होतंय भिग्गी, लगेच. वयच झालं की काय म्हणून आमच्या कोकिलाला विचारलं, ती म्हणाली डॉक्टरला विचार."

दोन इडल्यांत पोट भरणं, डावीकडे जडपणा, दमणूक, वाळणं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातून प्लीहा आठवावी. मलाही आठवली. म्हणूनच तर त्यांना टेबलावर या म्हटलं. पण सेल्वीला हाक मारली नाही. बाहेर टोकनवाल्यांची रांग होती, ती तिकडे होती – आणि खरं सांगू? टीचरना निऱ्या सैल करा असं सांगायला माझी जीभ उचलेना. त्या टेबलावर आडव्या झाल्या, पायातल्या चपलांसकट, घड्याळाकडे बघत. मी साडीवरूनच, पिनेला धक्का न लावता, डाव्या बरगडीखाली चार बोटं ठेवली. श्वास घ्या म्हणालो. कड लागली नाही. हाताखाली सगळं घट्ट आणि सारखं होतं. मला वाटलं, टीचर संकोचानं पोट आवळून धरतायत.

वाटलं का? की वाटून घेतलं?

रक्त तपासायला सांगितलं, पण फक्त हिमोग्लोबिन. थोडं कमी आलं. लोहाच्या गोळ्या, पित्ताची गोळी, एक टॉनिक. हाताला घट्ट लागलं होतं, तरी कार्डावर लिहिलं: पोट मऊ. प्लीहेबद्दल काहीच लिहिलं नाही. ती पायरी मी केलीच नव्हती, निदान तेवढं खोटं तरी तेव्हा लिहिलं नाही. खाली सवयीनं एक ओळ मोकळी सोडली.

उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या. आणखी वाळलेल्या. रात्री घाम येतो म्हणाल्या. मी टेबलावरसुद्धा घेतलं नाही. टॉनिक बदललं आणि म्हणालो, टीचर, कोकिलाची काळजी कमी करा, वजन आपोआप वाढेल. त्या हसल्या. त्यांच्या मुलीचं, या कोकिलाचं, लग्न मोडलं होतं आणि ती पापनाशमला त्यांच्याजवळ राहत होती, तालुका कचेरीत कामाला जायची. सगळ्या दुखण्याचं खापर फोडायला मला एक आयती जागा मिळाली. नोंद केली, ओळ सोडली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी चार वाजता कोकिलाचा फोन आला. आई तीन दिवसांपासून मोठ्या हॉस्पिटलात आहे. अंगावर काळेनिळे डाग उठले, उठून बसता येईना, म्हणून नेलं. रक्ताचा कॅन्सर म्हणतायत. प्लीहा बेंबीच्या खाली गेली आहे. डॉक्टर जुने कागद मागतायत. "मी पाचला येऊन कार्डाचा फोटो काढून नेते, डॉक्टर अण्णा. चालेल ना?"

चालेल, म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला. आपल्या माणसांचा खण उघडला. कार्ड काढलं. दोन नोंदी, माझ्याच अक्षरात. पोट मऊ. टॉनिक. सात महिने! हे कार्ड त्या हॉस्पिटलात कुणीतरी वाचणार. त्यातले अर्धे माझ्या ओळखीचे. मग ते कुठल्यातरी लग्नात जेवताना दुसऱ्याला सांगणार, दुसरा तिसऱ्याला. राव डॉक्टरच्या हाताखाली वीतभर प्लीहा होती आणि त्यानं टॉनिक दिलं. टीचरचं काय होणार हा विचार मनात आला का? आला. पण मागाहून आला. पहिला माझाच होता.

आणि त्या दोन मोकळ्या ओळी. एक पहिल्या नोंदीखाली, एक दुसरीखाली. माझ्याकडे बघत होत्या.

खिशात काळं पेन होतं. नोंदी निळ्या होत्या. मी टेबलाचे खण उपसू लागलो. सगळी पेनं काळी. सव्वाचार झाले, साडेचार झाले. बाहेर पेशंट खोकत होते. मी खाली वाकून टेबलाखाली बघत होतो, पन्नाशीचा माणूस, घामानं भिजलेला. सेल्वी कधी आत आली कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या उघड्या कार्डाकडे बघितलं. मग स्वतःच्या टोकनवहीतलं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. निळं. "घ्या सार," म्हणाली आणि गेली.

मी पहिल्या नोंदीखाली लिहिलं: प्लीहा वाढलेली. मोठ्या हॉस्पिटलला पाठवले. चिठ्ठी दिली.

दुसऱ्या नोंदीखाली लिहिलं: अजून गेल्या नाहीत. पुन्हा समजावले.

पहिली ओळ भीतीपोटी लिहिली, समजू शकतो. पण दुसरी? ती कुणी मागितली होती? पहिली खरी वाटावी म्हणून मी दुसरी लिहिली, आणि सगळं एका बाईच्या अंगावर ढकललं. ती जिवंत होती, हॉस्पिटलच्या खाटेवर होती, आणि मी तिच्याबद्दल लिहिलं की ती ऐकत नाही.

कोकिला पाचला आली. तिनं कार्ड वाचलं, उभ्या उभ्या, दोनदा. "आईनं मला काही सांगितलं नाही," एवढंच म्हणाली. फोटो काढला. जाताना माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. जायलाच हवं होतं, गेलो नसतो तर विचित्र दिसलं असतं. टीचर उताण्या पडल्या होत्या. पोटावरून चादर सरकली होती आणि बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला, पेनानं ओढलेली एक वाकडी रेघ दिसत होती. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं कड सापडली तिथं खूण केली होती. तिनं खालून सुरुवात केली असणार. माझी चार बोटं जिथं होती, तिथून ती रेघ किती लांब आहे हे मी नुसत्या नजरेनं मोजलं.

कोकिला रडून झालेली होती. बोलूनही झालेलं असावं, कारण टीचरनी मला बघताच हात थोडा वर केला. आवाज निघत नव्हता.

"तू चिठ्ठी दिली होतीस म्हणून ही म्हणते," त्या म्हणाल्या. "मला काही आठवत नाही रे, राघू. लिहून ठेवलंयस तर दिलीच असशील. डोकंच गेलं माझं. चुकलं हां."

ज्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीच्या पोरांचे हजेरी नंबर पाठ होते, ती बाई म्हणत होती की तिचं डोकं गेलं. माझ्या लिखाणावर तिचा विश्वास होता. लिहिलेली पायरी होती ना ती. तिनंच शिकवलेली.

तेव्हा मी बोलू शकलो असतो. कोकिला पाणी आणायला गेली होती, खोलीत आम्ही दोघंच होतो. दोन वाक्यं लागली असती. मी काय केलं ठाऊक आहे? मी त्यांचा हात थोपटला आणि म्हणालो, "परवाइल्ल टीचर, होतं असं." म्हणजे हरकत नाही. मी त्यांना माफ केलं!

हे सांगायचं होतं. वरचं सगळं याच्याभोवती घिरट्या घालत होतं. हाताची चूक आहेच, कार्डावरचं खोटंही आहे. पण हे – एका मरणाऱ्या बाईची माफी ऐकून घेणं, आणि ती देणं.

त्या तेवीस दिवसांनी गेल्या. पोंगलच्या सुमारास तो आजार पकडला असता तर रोजच्या गोळीवर माणसं वर्षानुवर्षं जगतात. त्या जगल्या असत्या की नाही ते कुणीच सांगू शकत नाही, आणि त्या "कुणीच सांगू शकत नाही"च्या आड मी बरेच दिवस बसून होतो.

त्यानंतर मी बदललो. बाजूचं दार बंद केलं, आपली माणसं नाराज झाली, त्यांनाही टोकन. प्रत्येक पोट उजव्या जांघेपासून. प्रत्येक शंका हॉस्पिटलात, चिठ्ठी देऊन, फोन करून, पोचले का ते विचारून. लोकांना वाटतं हा माणूस देवमाणूस आहे. सेल्वी रोज सकाळी माझ्या टेबलावर एक निळं पेन ठेवते. ती टोमणा मारते की नुसतं पेन ठेवते, मला कळत नाही. मी ते वापरत नाही.

कोकिला दर वर्षी पोंगलला दारी ऊस आणि नारळ आणून देते. या वर्षी ती हात हलवत आली. पापनाशमचं घर सोडतेय, कुंभकोणमला बदली झाली. सामान आवरताना तिनं आईच्या सगळ्या ट्रंका उपसल्या, म्हणाली. गणिताच्या जुन्या वह्या पान न पान उलटून बघितल्या. देवघरातल्या डब्यात, तांदळाच्या पिंपामागं, साड्यांच्या घड्यांत, सगळीकडे बघितलं.

"काय शोधत होतीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमची चिठ्ठी, अण्णा," ती म्हणाली. "सहा वर्षं शोधतेय. सापडली तर कळेल तरी, जपून ठेवून विसरली की फाडून टाकली. फाडली असली तर मग माझ्यासाठी जगायचं तिला नको होतं म्हणायचं. एवढं एकच मला कळायला हवं. आईचा फोटो मी अजून लावला नाहीय भिंतीला. राग जात नाही."

मी म्हणालो, सापडेल. देवाशपथ, मी हेच म्हणालो. सापडेल.

ती येऊन गेली त्याला चार दिवस झाले; अजून ती पापनाशमलाच आहे. हे सगळं तिला वाचता येणार नाही अशा अक्षरात लिहीत बसलोय, आणि पानं भरत चालली तसं हेही कळत चाललंय की हा पुन्हा तोच प्रकार – लिहायचं, पण बाजूच्या दारानं. कोकिलाला मराठी बोलता येतं, वाचता येतं ते तमिळ, नाहीतर इंग्रजी.

म्हणून आता हे थांबवतो. टेबलावर पेशंटना हॉस्पिटलात पाठवायच्या चिठ्ठ्यांचं पॅड आहे. सेल्वीचं पेन आहे. वरचं पान फाडून मी त्यावर तमिळमध्ये लिहिलं आहे, एकही ओळ मोकळी न सोडता. सेल्वी पापनाशमच्या बसनं घरी जाते, आज ती ते कोकिलाच्या हातात देईल. लिहिलं ते एवढंच:

कोकिला, शोधू नकोस. चिठ्ठी नव्हती. मी ती कधी लिहिलीच नाही. मी तुझ्या आईला नीट तपासलं नाही, आणि कार्डावरच्या त्या दोन ओळी तू फोन केल्यावर, तू यायच्या आधी लिहिल्या. तुझी आई काही विसरली नव्हती.